एक तारीख नसलेला महिना

नोकरदाराच्या महिन्याला एक तारीख असते. ती रविवारी आली तर पगार शनिवारी होतो, दिवाळी तोंडावर असली तर थोडा आधी होतो, पण होतो. किराणा, दूध, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांच्या क्लासची फी, भिशीचा हप्ता, सगळं त्या एका तारखेच्या खुंटीला टांगलेलं असतं. घरी बसून भाषांतराची कामं करणाऱ्याच्या महिन्यात ही खुंटीच नाही. पैसे येतात, कधीकधी भरपूर येतात, पण कोणत्या तारखेला येतील हे पाठवणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं.

जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात त्यांना बलुतं मिळायचं. भाषांतर एजन्सीच्या करारात जिला ‘नेट सिक्स्टी’ म्हणतात ती साठ दिवसांनी पैसे देण्याची पद्धत याच कुळातली. फरक दोन. बलुतेदाराला खळं कुठे आहे ते दिसत असे, आपल्याला फक्त अकाउंट्स विभागाचा ईमेल पत्ता दिसतो. आणि बलुतेदाराला काम नाकारायची सोय नव्हती, जात आणि गाव दोन्ही मानेवर बसलेले असत. आपल्याला ती सोय आहे. या धंद्यातलं सुख आणि धाकधूक दोन्ही त्या एका सोयीभोवती फिरतात, कारण ‘नाही जमणार’ म्हणायला आधी बँकेत काही असावं लागतं.

फ्रीलान्सिंगबद्दल सरसकट बोलण्यात अर्थ नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला निम्मे पैसे आगाऊ मिळतात, तबला शिकवणाऱ्याला महिन्याची फी मिळते, वेबसाइट बनवणाऱ्याचं तिसरंच. इथे बोलायचंय ते इंग्रजी-मराठी भाषांतराबद्दल, जिथे काम शब्दांवर मोजलं जातं.

एका फाइलचा प्रवास बघू. आकडे समजायला सोयीचे म्हणून घेतलेत. १ जूनला एजन्सीकडून १२,००० शब्दांची फाइल आली, दर दीड रुपया शब्द. मनातल्या मनात १८,००० रुपये खर्चूनही होतात. पण फाइल एकटी येत नाही, तिच्यासोबत अ‍ॅनॅलिसिस येतो. ट्रॅडॉस किंवा मेमोक्यूसारखं सॉफ्टवेअर नवी फाइल जुन्या भाषांतरांच्या साठ्याशी, म्हणजे ट्रान्सलेशन मेमरीशी, ताडून पाहतं आणि कोणतं वाक्य पूर्वी किती टक्के येऊन गेलंय ते सांगतं. हुबेहूब आलेल्या किंवा फाइलमध्येच पुन्हापुन्हा येणाऱ्या ३,००० शब्दांना दराच्या २० टक्के, बरंचसं जुळणाऱ्या २,००० शब्दांना ५० टक्के आणि उरलेल्या ७,००० शब्दांना पूर्ण दर, अशी काहीतरी वाटणी एजन्सीने ठरवलेली असते. ६०० अधिक १,००० अधिक ७,०००, म्हणजे ८,६०० शब्द. बिल १२,९०० रुपयांचं. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, गेला की हातात ११,६१०.

या वाटणीत मराठीवर होणारा अन्याय बहुतेक प्रोजेक्ट मॅनेजरांच्या लक्षात येत नाही, कारण जुळणीचे टक्के इंग्रजीवरून मोजलेले असतात. ‘तुमचा नवा फोन चालू झाला’ हे वाक्य साठ्यात आहे आणि नव्या फाइलमध्ये फोनच्या जागी बॅटरी आली. इंग्रजीत एक शब्द बदलला, बाकीचे जागच्या जागी. मराठीत ‘तुमची नवी बॅटरी चालू झाली’, म्हणजे पाचातले चार शब्द बदलले. वाक्य नव्याने लिहायचं आणि पैसे निम्मे घ्यायचे. पहिल्याच मोठ्या कामाच्या वेळी हे उदाहरण पाठवून मधल्या टप्प्याला ५०ऐवजी ६५-७० टक्के मागावेत. मागितल्यावर मिळतीलच असं नाही, पण न मागता कोणी दिल्याचं ऐकिवात नाही.

शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे, हे त्याहून मूलभूत. इंग्रजीत ‘शाळेच्या आवारात’ म्हणायला चार ते सहा शब्द लागतात, आपले दोन. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं नामालाच चिकटत असल्याने हजार इंग्रजी शब्दांचं मराठी मोजायला गेलं तर ठळकपणे कमी भरतं. म्हणून इंग्रजीतून मराठीत येताना बिल नेहमी मूळ मजकुराच्या शब्दांवर करावं. मराठीतून इंग्रजीत जाताना उलटं, तयार झालेल्या इंग्रजीवर, नाहीतर मराठीच्या शब्दांचा दर तरी चढा लावावा. पर्चेस ऑर्डरमध्ये हे लिहिलेलं नसेल तर काम सुरू करण्यापूर्वी एका ओळीचा ईमेल टाकून लिहून घ्यावं. फोनवर ‘हो हो, नेहमीसारखंच’ म्हणणारा माणूस तीन महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत असतो.

परत त्या फाइलकडे. काम ८ जूनला दिलं. बिल मात्र महिन्याच्या २५ तारखेनंतरच पोर्टलवर चढवता येतं. मुदत ‘महिनाअखेरपासून ६० दिवस’, म्हणजे २९ ऑगस्ट. पैसे सोडण्याचे दिवस महिन्यातून दोनच, १० आणि २५. म्हणजे १० सप्टेंबर. मृगाच्या पावसात केलेल्या कामाचे पैसे गणपतीच्या आसपास आले, आणि तेही बिलात पर्चेस ऑर्डरचा नंबर बरोबर असेल, पॅन बरोबर असेल, बँकेचा आयएफएससी कोड शाखांच्या विलीनीकरणात बदललेला नसेल तर. यातलं एक जरी चुकलं तर बिल परत येतं आणि ६० दिवस पहिल्यापासून मोजायला लागतात. कापलेले १,२९० रुपये तर रिटर्न भरल्यावर, पुढच्या वर्षी. एका कामाची ही तीन घड्याळं: काम जूनचं, पैसे सप्टेंबरचे, रिफंड पुढच्या पावसाळ्यातला. नव्या माणसाला काम मिळत नाही म्हणून तो खचत नाही. जून-जुलैत रोज आठ तास काम करूनही खातं रिकामं दिसतं, तेव्हा तो खचतो.

आता दराचं गणित, उलट्या बाजूने. ‘बाजारात काय चाललंय’ असं विचारून दर ठरवला की तो कायम कमी निघतो. सुरुवात घरखर्चापासून करावी. घराला महिना ४५,००० लागतात, वर्षाचे ५,४०,०००. नोकरदाराचा पीएफ कंपनीही भरते, आपला आपणच भरायचा, त्यासाठी १,२०,०००. कुटुंबाचा आरोग्य विमा ३०,००० (सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी गेला, तेवढाच दिलासा). ७२,०००चा लॅपटॉप चार वर्षं चालतो असं धरून १८,०००. इंटरनेट, इन्व्हर्टर, वीज ३०,०००. सॉफ्टवेअर आणि सीएची फी २२,०००. बेरीज ७,६०,०००.

मग दिवस. ३६५मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले, सणवार आणि लग्नकार्याचे २०, आजारपणाचे १०. उरले २३१. या २३१ दिवसांत बिलं करणं, ईमेल लिहिणं, फुकटच्या चाचण्या देणं, पैशांसाठी फोन करणं आणि नुसतं कामाची वाट बघणं हेही आहे. पैसे मिळतात असं काम ६५ टक्के दिवस झालं तर नशीब चांगलं. म्हणजे साधारण १५० दिवस. ७,६०,००० भागिले १५० म्हणजे दिवसाला ५,०६७ रुपये. भाषांतर करून, स्वतः पुन्हा वाचून, शंका विचारून दिवसाला २,००० शब्द नीट होतात. तेव्हा दर निघाला २ रुपये ५३ पैसे.

दीड रुपयाने काम घेणारा माणूस हा खड्डा कसा भरतो? दिवसाला जवळजवळ ३,४०० शब्द करून. पहिल्यांदा जातं ते पुनर्वाचन. मग जातो रविवार. त्यानंतर जातो तो विमा, कारण त्याचा हप्ता या वर्षी नाही भरला तरी लगेच काही होत नाही. कमी दराचा परिणाम दिसायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर तो दर आपल्या नावाला चिकटलेला असतो. जुन्या क्लायंटचा दर वाढवणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. जमतं ते असं: एप्रिलपासून नवा दर, दोन महिने आधी कळवायचं, चालू कामं जुन्याच दराने पूर्ण करायची आणि सगळ्यात कमी देणाऱ्यापासून सुरुवात करायची. तो सोडून गेला तर नुकसान सगळ्यात कमी.

दराला खाली ओढणारी नवी गोष्ट म्हणजे यंत्राने केलेलं भाषांतर दुरुस्त करणं. गूगलने २०१७मध्ये मराठीसाठी न्यूरल पद्धत आणली, त्यानंतर आलेली साधनं आणखी सफाईदार आहेत, आणि आता बऱ्याच फाइली अर्धवट शिजवूनच येतात. नाव पोस्ट-एडिटिंग, दर निम्मा किंवा त्याहून कमी. वेळ निम्मा लागतो का? सरळ सूचनांच्या पुस्तिकेत, हो, कधीकधी त्याहून कमी लागतो, हे कबूल करायला हवं. पण यंत्राला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक ठरवता येत नाही, कारण इंग्रजीत तो नाहीच. बँक ग्राहकाला सांगते, ‘आपण तुमचं कर्ज मंजूर केलं आहे.’ एकाच पानावर वाचक आधी ‘तू’, मग ‘तुम्ही’, मग ‘आपण’ होतो. बाईचा उल्लेख दोन वाक्यांनी लांबला की ती पुरुष होते. ‘द्वारे’ आणि ‘केले गेले’ यांचं तर रान माजतं. अशी चूक शोधायला प्रत्येक वाक्य मुळाशी ताडावं लागतं, आणि सफाईदार मराठीत लपलेली चूक ओबडधोबड मराठीतल्या चुकीपेक्षा हुकायची शक्यता जास्त. म्हणून असं काम शब्दावर घेऊ नये, तासावर घ्यावं. तासाचा दर वरच्या हिशेबातूनच येतो: ५,०६७ भागिले सहा प्रत्यक्ष कामाचे तास, म्हणजे साधारण ८५० रुपये. तासावर तयार नसतील तर ५०० शब्दांचा तुकडा घड्याळ लावून करून बघावा आणि मग आकडा सांगावा.

अ‍ॅपच्या मजकुराचं दुखणं वेगळंच. प्रोग्रॅमरने वाक्यात शहराच्या नावासाठी रिकामी जागा ठेवलेली असते आणि तिच्यापुढे ‘मध्ये आपलं स्वागत’ लिहून मिळेल अशी त्याची समजूत असते. मग पडद्यावर येतं ‘पुणे मध्ये आपलं स्वागत’, ‘ठाणे मध्ये आपलं स्वागत’. मराठीत नामाचं सामान्यरूप होतं, पुण्यात, ठाण्यात, आणि ते रिकाम्या जागेला करता येत नाही. उपाय म्हणजे वाक्याची मोड बदलणं: ‘आपलं शहर: पुणे’, ‘आपलं स्वागत आहे. निवडलेलं ठिकाण: ठाणे’. रिकाम्या जागेतलं नाव प्रथमेतच राहील अशी रचना शोधायची. आकड्यांचंही तेच, ‘१ फाइल आली’ आणि ‘५ फाइली आल्या’ यांसाठी दोन वेगळ्या ओळी मागून घ्याव्या लागतात. चार शब्दांच्या ओळीला सहा रुपये मिळतात आणि ती डोकं अर्धा तास खाते. म्हणून अशा कामाला किमान शुल्क हवंच, पाच शब्दांचं काम असलं तरी ५०० रुपये, आणि ते पहिल्याच ईमेलमध्ये सांगितलेलं हवं.

कोटेशनमध्ये आणखी एक ओळ बहुतेक जण विसरतात, मांडणी झाल्यावरची पीडीएफ तपासणी. आपण वर्डमध्ये स्वच्छ युनिकोड मराठी देतो. मग ती फाइल मराठी न येणाऱ्या डिझायनरकडे जाते. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे आपल्यासारख्या लिप्या नीट बसवणारी सोय, चालू नसेल तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं दिसतात. ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’तला आडवा रफार जागेवर आहे का, हे मुद्दाम बघावं लागतं. फॉन्टने मजकुराची भाषा हिंदी धरली तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातले येत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट घेऊन भाषा मराठी ठेवली की ही दोन्ही अक्षरं बरोबर वळतात, पण ते डिझायनरला सांगणार कोण? आपणच. एका पुस्तिकेच्या तीन-तीन फेऱ्या होतात आणि ‘फक्त एकदा नजर टाका ना’ या पाच शब्दांचे पैसे कुणी देत नाही. दोन फेऱ्या दरात धरलेल्या, तिसरीपासून तासाप्रमाणे, असं आधी लिहिलं की नजरा आपोआप कमी टाकाव्या लागतात.

दर वर नेणारी खात्रीची वाट म्हणजे एखादा विषय घट्ट धरणं. क्लिनिकल ट्रायलचं, म्हणजे माणसांवरच्या औषधचाचणीचं, संमतीपत्र घ्या. एक जण त्याचं मराठी करतो. दुसरा, मूळ इंग्रजी न पाहता, त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करतो, याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात. तिसरा दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक काढतो आणि प्रश्न पहिल्याकडे येतात. मग सगळं प्रमाणपत्रासह एथिक्स कमिटीपुढे जातं. यात एक कायमची ओढाताण आहे. ‘रँडमायझेशन’ला ‘यादृच्छिकीकरण’ लिहिलं की बॅक ट्रान्सलेशन बिनचूक येतं आणि जिल्हा रुग्णालयात अंगठा टेकवणाऱ्या बाईला काही कळत नाही. ‘तुम्ही कोणत्या गटात जाल हे चिठ्ठी उचलल्यासारखं ठरेल’ असं लिहिलं की बाईला कळतं आणि तिसरा माणूस विचारतो, ‘मुळात चिठ्ठी कुठे आहे?’ त्याला दोन ओळींत पटवून चिठ्ठी राखणं हे कौशल्य आहे, आणि त्याचे पैसे जास्त मिळतात. ‘प्लासिबो’साठी ‘औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी’ हे लांबलचक वर्णन कमिटीतून पार होतं, तो दिवस कुठल्याही पगारवाढीपेक्षा बरा जातो. नोकरीत ही चैन क्वचित मिळते. कुठल्या शब्दासाठी भांडायचं हे इथे आपलं आपण ठरवतो.

विषय घट्ट धरण्यात धोका एवढाच की तो विषय झोपला की आपणही झोपतो. म्हणून दोन विषय असावेत, आणि कोणताही एक क्लायंट वर्षाच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा होऊ देऊ नये. मोठा झाला की तो साहेब होतो, फक्त पीएफ न देणारा.

कामाला हंगाम आहेत. मार्चअखेरीला बजेट संपवायचं म्हणून संस्थांची आणि कंपन्यांची कामं धबधब्यासारखी येतात, एप्रिलात नव्या ऑर्डरी निघेपर्यंत शुकशुकाट. गणपती ते दिवाळी जाहिरातींची धांदल. परदेशी एजन्सी नाताळ ते नवीन वर्ष बंद, युरोपातल्या काही ऑगस्टभर सुस्त. पहिली दोन वर्षं आलेल्या प्रत्येक चौकशीची नोंद ठेवली, काम झालं नाही तरी, की आपला हंगाम आपल्याला दिसायला लागतो. मग एप्रिलचा शुकशुकाट घाबरवत नाही. त्या महिन्यात टर्मबेस, म्हणजे आपला पारिभाषिक शब्दांचा साठा, साफ करावा, डोळे तपासून घ्यावेत, मनगटाचं दुखणं दाखवावं. घरच्यांच्या दृष्टीने मात्र हंगाम एकच असतो, ‘तू घरीच आहेस ना’. गॅसचा सिलिंडर, कुरिअर, प्लंबर आणि शेजारच्यांची किल्ली, सगळं आपल्याकडे.

येणी वसूल करण्याबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक जण इथे भिडेखातर बुडतात. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून ठेवावी. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून फुकट होते, पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. काम घेण्याआधीची नोंदणी असलेली बरी, आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. करारात ६० दिवस लिहिले असले तरी कायदा ४५च मोजतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्यात आयकर कायद्यात २०२४-२५च्या आकारणी वर्षापासून आलेली तरतूद कंपनीच्या अकाउंटंटला जास्त बोचते: असे पैसे मुदतीत न देता वर्ष उलटलं तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवलेल्या स्मरणपत्राला एरवीपेक्षा लवकर उत्तर येतं.

स्मरणपत्र प्रोजेक्ट मॅनेजरला पाठवू नये. त्याच्या हातात काही नसतं आणि त्याच्याशी संबंध टिकवायचे असतात. अकाउंट्सला लिहावं, मॅनेजर कॉपीत. मुदत संपली त्या दिवशी एक साधी ओळ, आठवड्याने बिलाच्या प्रतीसह दुसरी, पंधरा दिवसांनी नवं काम थांबवत असल्याचं कळवणारी तिसरी. चौथ्या पत्रात व्याजाचा आकडा आणि कायद्याचं नाव. त्यानंतर लघु उद्योगांच्या थकलेल्या येण्यांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, ती राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते. खरं सांगायचं तर चालू क्लायंटवर कुणी तक्रार करत नाही, संबंध संपला असं मनात पक्कं झाल्यावरच करतात. म्हणून तिसऱ्या पत्रातलं ‘काम थांबवतो’ हेच खरं हत्यार, आणि ते वापरायलाही बँकेत काही असावं लागतं. ‘आमच्या क्लायंटने आम्हाला दिले नाहीत’ या उत्तराला प्रत्युत्तर एकच: आपला करार एजन्सीशी आहे.

करांचं थोडक्यात. वर्षाला ५०,०००पेक्षा जास्त व्यावसायिक फी देणाऱ्या कंपनीने १० टक्के टीडीएस कापायचा (एप्रिल २०२५पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती). १ एप्रिल २०२६पासून नव्या आयकर कायद्याने कलमांचे आकडे बदलले, पण अकाउंट्सवाल्यांच्या तोंडी अजून या टीडीएसचं जुनं कलम, १९४जेच आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६पासून १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे वरच्या हिशेबातल्या माणसाचा सगळा टीडीएस परत मिळतो, फक्त तोवर अडकून पडतो. खरा गोंधळ मार्चचा. कंपनी मार्चमध्ये बिल खात्यावर घेते, टीडीएस तेव्हाच कापते आणि पैसे जूनमध्ये देते. करखात्याच्या टीडीएसच्या नोंदीत उत्पन्न गेल्या वर्षीचं, बँकेत या वर्षीचं. आलेल्या पैशांवर हिशेब ठेवणाऱ्याने तो टीडीएस रिटर्नमध्ये पुढच्या वर्षी ओढायचा असतो, नाहीतर आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते. शेवटच्या तिमाहीचा तपशील कंपन्या ३१ मेपर्यंत भरतात, म्हणून जूनच्या मध्यापूर्वी रिटर्न भरायची घाई करू नये.

निम्मी जमा हेच उत्पन्न धरण्याची जी सोपी योजना २०१६च्या अर्थसंकल्पाने आणली, तिच्या यादीत वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, इंटिरियर डेकोरेटर आहेत. चित्रपटाचे संवाद लिहिणाराही ‘चित्रपट कलाकार’ म्हणून तिच्यात बसतो. भाषांतरकार हा शब्द त्या यादीत नाही. मित्राने भरलं म्हणून तसंच भरण्याआधी सीएला हे विचारावं. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर, आणि परदेशातून आलेले पैसेही त्या २० लाखांत मोजतात, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

आता एक तारीख. ती कुणी देत नसेल तर तयार करावी लागते, आणि त्यासाठी दोन बँक खाती पुरतात. पहिल्या खात्यात सगळी येणी: एजन्सीची, डॉलरची, रिफंडची. या खात्याचं डेबिट कार्ड कपाटात, यूपीआय जोडलेलंच नाही. दुसरं घरखर्चाचं. महिन्याच्या एक तारखेला पहिल्यातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्यायची, आपल्या उदाहरणात ४५,०००. महिन्यात दोन लाख आले तरी ४५,०००, काही आलं नाही तरी ४५,०००. रक्कम बदलायची ती वर्षातून एकदा, एप्रिलात. पहिल्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे २,७०,००० साठेपर्यंत नवा फोन नाही, गोव्याची ट्रिप नाही. त्यापुढचं ऑटो-स्वीपने मुदत ठेवीत जातं. साठा तीन महिन्यांच्या खाली आला की ती धोक्याची घंटा, तेव्हा पोस्ट-एडिटिंगची कामंही घ्यावीत आणि जुन्या क्लायंटना फोनही करावेत. साठा सहाच्या वर असताना आलेल्या दीड रुपयाच्या फाइलला मात्र दोन ओळींत, नम्रपणे, नाही म्हणून बघावं.

सगळ्यात कठीण पहिलं वर्ष, कारण साठा शून्यापासून जमवायचा असतो. नोकरी सोडण्यापूर्वीच सहा पगार बाजूला काढलेला माणूस आणि तो न काढलेला माणूस एकाच दिवशी सुरुवात करतात, पण जूनची फाइल सप्टेंबरात पिकेपर्यंत दुसरा पुन्हा नोकरीच्या जाहिराती बघायला लागलेला असतो. त्याचं मराठी बहुतेक वेळा चांगलंच असतं.

दोन खाती लागली की एक तारखेला सकाळी फोन वाजतो, बँकेचा मेसेज असतो, ४५,००० जमा. पाठवणारा कोण आणि घेणारा कोण ते मेसेजमध्ये दिलेलं असतं, आणि दोन्हीकडे नाव एकच असतं.